अध्यक्षपत्नींचीं पत्रें

तिकिटें जमविणारे, नाणीं जमविणारे, थोरामोठ्यांच्या स्वाक्षऱ्या जमविणारे लोक आपण सर्वांनीं पाहिले आहेत. आज ज्या छंदाविषयीं मला बोलावयाचें आहे तो ह्याच जातीचा, परंतु थोडा निराळा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कित्येक संग्राहक असे आहेत कीं, राष्ट्राध्यक्षांच्या पत्रांपेक्षां त्यांच्या पत्नींच्या स्वदस्तुरच्या पत्रांचाच ते अधिक पाठपुरावा करतात. १७८९ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन हे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हांपासून जितक्या अध्यक्षपत्नी होऊन गेल्या त्यांपैकीं प्रत्येकीच्या हातचें निदान एक तरी पत्र आपल्या पेटींत असावें, ही त्यांची महत्त्वाकांक्षा असते.

वरवर पाहतां हें काम सोपें वाटतें. अध्यक्षांचीं पत्रें जर हजारोंनीं मिळतात, तर त्यांच्या घरांतल्या माणसांचीं कां मिळूं नयेत? परंतु अनुभव उलट आहे. अध्यक्षांचें पत्र ज्याला येई तो तें जपून ठेवी. अध्यक्षांचे चिटणीस त्याची नक्कल ठेवीत. पुढें सरकार ते कागद पैसे देऊन विकतही घेई. पत्नीचें पत्र जाई तें बहिणीला, भाचीला किंवा लेकीला. त्यांत मुलांचीं आजारपणें, कापडाचे भाव, नोकरमाणसांच्या तक्रारी, आणि मध्येंच एखाद्या ओळींत राज्यक्रांति. असें पत्र वाचून झालें कीं त्याचें प्रयोजन संपलें, असेंच घेणारीला वाटावयाचें. आणि जेथें तें जपून ठेवण्याजोगें होतें, तेथें अनेकदां लिहिणारीनेंच तें चुलींत घातलें. म्हणून कोणतें पत्र उरलें, कोणतें जळालें, आणि तें कोणी ठरविलें, हाच ह्या छंदांतला खरा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचाच विचार आज आपण करूं.

मालिकेंतील पहिलेंच नांव संग्राहकाला अडवितें. जॉर्ज व मार्था वॉशिंग्टन ह्यांचा संसार १७५९ पासून १७९९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांचा. त्यांतील आठ वर्षें पतिराज स्वातंत्र्ययुद्धाच्या छावण्यांत होते. मार्थाबाई हिवाळ्यांत छावणीवर जाऊन राहत हें खरें, तरी उरलेल्या महिन्यांतला पत्रव्यवहार लहान असणें शक्य नाहीं. १७९९ च्या डिसेंबरांत वॉशिंग्टन निवर्तले. १८०२ मध्यें मार्थाबाई गेल्या, आणि जाण्यापूर्वीं त्यांनीं पतीचा व आपला पत्रव्यवहार अग्नीच्या स्वाधीन केला. ज्या पुरुषाचा प्रत्येक शब्द राष्ट्रानें जपला, त्याचें आपल्या पत्नीशीं काय बोलणें होई हें तेवढें राष्ट्राला कळूं नये, असा त्यांचा निश्चय असावा. युद्धकाळांतील त्या पत्रांपैकीं १८ जून १७७५ व २३ जून १७७५ अशा तारखांचीं वॉशिंग्टनांचीं दोन पत्रें मात्र वांचलीं. मार्थाबाईंचें लिहिण्याचें मेज त्यांच्या नातीकडे गेलें; त्याच्या खणांत हीं सांपडलीं असें सांगतात. सेनापतिपद आपल्याकडे आलें आहे आणि आपण परत येऊं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, म्हणून मृत्युपत्र करून ठेवलें आहे, ही वार्ता पहिल्या पत्रांत पति पत्नीला सांगत आहे. ह्या एका पत्रावरून राखेंत काय गेलें ह्याची कल्पना करावी.

मार्थाबाईंचीं इतरांस लिहिलेलीं पत्रें आहेत, पण त्यांतही एक खोंच आहे. पति अध्यक्ष असतांना त्यांच्या नांवें जीं औपचारिक पत्रें गेलीं, त्यांतील कित्येकांचा मसुदा टोबायस लिअर नांवाचे चिटणीस तयार करीत आणि बाई तो आपल्या हातानें उतरून काढीत. म्हणजे हस्ताक्षर त्यांचें, शब्द दुसऱ्याचे! जुन्या दप्तरांतून फिरलेल्या श्रोत्यांस चिटणिशी भाषा आणि घरची भाषा ह्यांतलें अंतर सांगावयास नकोच. उलट, १७८९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कहून आपल्या भाचीला त्यांनीं लिहिलेलें एक घरगुती पत्र पाहावें. न्यूयॉर्क हीच तेव्हां राजधानी होती. आपलें जिणें सरकारी कैद्यासारखें झालें आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांत आहेत. हे शब्द कोणत्याही चिटणिसानें सुचविलेले नव्हेत. ज्याला मार्थाबाईंची भेट घ्यावयाची असेल त्यानें सुबक मसुद्यापेक्षां हेंच पत्र शोधावें.

तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन ह्यांच्या घरीं गोष्ट उलट झाली. तेथें पत्नी आधीं गेली. मार्था जेफर्सन १७८२ सालीं, पति अध्यक्ष होण्यापूर्वीं जवळजवळ एकोणीस वर्षें, वारल्या. त्यानंतर उभयतांचीं पत्रें जेफर्सनांनीं नाहींशीं केलीं असें मानतात. सैनिकांसाठीं स्त्रियांनीं वर्गणी जमवावी म्हणून १७८० सालीं त्यांनीं लिहिलेलें एक पत्र आणि घरखर्चाच्या वहींतील कांहीं पानें, एवढ्यावर त्यांचें हस्ताक्षर ओळखावयाचें. जेफर्सनांच्या स्वतःच्या पत्रांचे खंडावर खंड छापले गेले आहेत. त्यांच्या पत्नीचा आवाज एका पत्रांत मावतो.

आतां दुसऱ्या टोंकाकडे जाऊं. दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स व त्यांच्या पत्नी ॲबिगेल ह्यांच्यामधील अकराशेंहून अधिक पत्रें आज बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहांत आहेत. ॲबिगेलबाईंना शाळेचें तोंड ठाऊक नव्हतें. त्यांचें शुद्धलेखन त्यांचें त्यांनाच विचारावें असें होतें. परंतु वॉशिंग्टनांनीं मार्थाबाईंना पत्र लिहिलें त्याच दिवशीं, १८ जून १७७५ रोजीं, ॲबिगेलबाईंनीं आपल्या पतीला जें पत्र लिहिलें तें वाचावें. आदल्या दिवशीं बंकर हिलची लढाई झाली होती. तोफांचा आवाज घरापर्यंत येत होता. त्यांच्या कुटुंबाचे स्नेही डॉक्टर वॉरन त्या लढाईंत पडले होते. बाईंनीं हें सारें लिहिलें, आणि त्याच सुमाराच्या पत्रांतून फिलाडेल्फियाहून टांचण्या पाठवा, इकडे मिळत नाहींत, अशी मागणीही केली. लढाई आणि टांचण्या एकाच पत्रव्यवहारांत बसतात, हेंच ह्या पत्रांचें मोल आहे. इतिहासाच्या ग्रंथांत लढाई मिळते. टांचणीवांचून अडलेलें घर मिळत नाहीं.

१७७६ च्या मार्चअखेरीस, नवे कायदे करतांना स्त्रियांची आठवण ठेवा, पुरुषांच्या हातीं निरंकुश सत्ता देऊं नका, असें त्यांनीं पतीला बजावलें. पतीनें तें हंसण्यावारी नेलें. पण पत्र मात्र फेंकलें नाहीं! त्यापुढच्याच महिन्यांत, माझीं पत्रें जाळून टाका असें बाईंचें मागणें आलें असतां, तुम्हांला विसरल्याखेरीज तें मला शक्य नाहीं, अशा आशयाचें उत्तर जॉन ॲडम्स ह्यांनीं दिलें. ह्या एका नकारामुळें अमेरिकेच्या इतिहासाचें एक मोठें साधन वांचलें. पुढें १८४० सालीं नातवानें आजीचीं पत्रें छापलीं तेव्हां तिचें शुद्धलेखन सुधारून छापलीं. पणजीची नऊवारी सोडवून तिला फ्रॉक घालावा तसें हें झालें. मूळ कागद शिल्लक राहिले म्हणूनच पुढच्या संपादकांना बाईंची खरी लिहिणी वाचकांपुढें मांडतां आली. छापील पुस्तक हातीं असतांना हस्तलिखित कशाला जपावयाचें, असें विचारणाऱ्यास हें उदाहरण पुरेसें आहे.

मूळ कागद नसला म्हणजे काय होतें तें डॉली मॅडिसन ह्यांच्या एका प्रसिद्ध पत्रावरून दिसून येतें. २४ ऑगस्ट १८१४ रोजीं इंग्रजी फौजेनें वॉशिंग्टन शहरांत शिरून अध्यक्षांचें निवासस्थान जाळलें. निघण्यापूर्वीं वॉशिंग्टनांचें मोठें तैलचित्र चौकट फोडून बाहेर काढण्याची व्यवस्था डॉलीबाईंनीं केली, ही हकीकत अमेरिकेंतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा आधार म्हणजे त्याच वेळीं त्यांनीं आपल्या बहिणीला लिहिलेलें पत्र. परंतु तें मूळ पत्र कोणालाच सांपडलेलें नाहीं. जें आहे तो डॉलीबाईंच्याच हातचा, पण वीसएक वर्षांनंतर एका चरित्रलेखासाठीं काढून दिलेला उतारा आहे. हस्ताक्षर खरें, व्यक्ति खरी, प्रसंग खरा. आणि तरीही प्रश्न राहतो कीं, हे शब्द धुराच्या लोटांत लिहिलेले आहेत, कीं म्हातारपणीं आठवून नीटनेटके केलेले? अभ्यासकांनीं ही शंका उघडपणें मांडली आहे. संग्राहकानें ह्यावरून एवढा धडा घ्यावा कीं, हस्ताक्षर ओळखलें म्हणजे पत्र ओळखलें असें होत नाहीं.

डॉलीबाईंचें उत्तर आयुष्य अडचणींत गेलें. पति १८३६ सालीं वारले. त्यांचे कागद काँग्रेसनें १८३७ मध्यें ३०,००० डॉलरांना आणि उरलेले १८४८ मध्यें २५,००० डॉलरांना विकत घेतले. पतीचे कागद हीच त्या विधवेची इस्टेट होती. ज्या कागदांकडे आपण ज्ञानाचें साधन म्हणून पाहतों, त्यांकडे कोणी तरी पोटापाण्याचें साधन म्हणूनही पाहिलेलें असतें, हें विसरूं नये.

आतां संग्राहक पत्राची पारख कशी करतो तें थोडक्यांत सांगतों. सर्वांत कनिष्ठ वस्तु म्हणजे कागदावरून कापून घेतलेली नुसती स्वाक्षरी. त्याहून बरी ती लाखोट्यावरची स्वाक्षरी. त्याहून वरचें, दुसऱ्यानें लिहिलेलें किंवा टंकलिखित, पण सही मात्र स्वतःची, असें पत्र. आणि सर्वांत श्रेष्ठ तें नखशिखान्त स्वदस्तुरचें. ह्यांपैकीं लाखोट्यावरच्या स्वाक्षरीची कथा गंमतीची आहे. १८०० सालीं काँग्रेसनें मार्था वॉशिंग्टन ह्यांस टपालहंशिलाची माफी दिली. लाखोट्याच्या कोपऱ्यांत ‘फ्री’ असा शब्द व आपलें नांव लिहिलें कीं पत्र फुकट जाई. हीच सवलत पुढें १८३६ मध्यें डॉली मॅडिसन, १८६६ मध्यें मेरी लिंकन आणि १९६३ मध्यें जॅकलिन केनेडी ह्यांना मिळाली. अशा सवलतींच्या यादींतील बहुतेक नांवें विधवांचीं आहेत. संग्राहक ज्या कोपऱ्याकडे कौतुकानें पाहतो, तो कोपरा म्हणजे राष्ट्रानें एका विधवेला केलेलें दोन बोटांचें साहाय्य होय.

१८४५ पूर्वीं अमेरिकेंत टपालहंशील कागदाच्या तावांवर व अंतरावर आकारलें जाई. म्हणून निराळा लिफाफा घालणें म्हणजे दुप्पट खर्च. पत्राच्याच तावाची घडी घालून, पाठीवर पत्ता लिहून, लाखेची मोहोर करीत. चिकटतिकिटें आलीं तीं १८४७ मध्यें. तेव्हां १८३० च्या म्हणून दाखविलेल्या पत्राला बंद पाकीट जोडलेलें दिसलें कीं जाणत्यानें सावध व्हावें. तसेंच, १९०१ पर्यंत अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या सरकारी छापील कागदावर ‘एक्झिक्युटिव्ह मॅन्शन’ असे शब्द असत. थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं त्या सालीं तेथें ‘व्हाइट हाउस’ हें नांव आणलें. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून दोनशें वर्षांनींही मऊ व बळकट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लाकडाच्या लगद्याचा कागद आला. तो पिवळा पडून तुटूं लागतो. जुनी शाई मायफळ व हिराकस ह्यांची. ती काळाबरोबर तपकिरी होते, आणि कोठें कोठें कागदच खाऊन टाकते. जुन्या कोऱ्या कागदावर आज कोणी लिहूं लागला तर शाई तंतूंतून फुटते, आणि ही फुटलेली शाई लबाडाचें बिंग फोडते. असे लबाड कांहीं थोडे झाले नाहींत. रॉबर्ट स्प्रिंग नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वॉशिंग्टनांचीं बनावट पत्रें तयार करून विकलीं. आज तीं बनावट पत्रेंही संग्राह्य मानतात, ही काळाची थट्टा!

परंतु बनावट पत्र करणाऱ्यानें केलेल्या नुकसानापेक्षां प्रामाणिक हौशी माणसानें केलेलें नुकसान कधीं कधीं मोठें असतें. विल्यम स्प्रेग नांवाचे धर्मोपदेशक हे अमेरिकेंतील पहिल्या मोठ्या स्वाक्षरीसंग्राहकांपैकीं एक. तरुणपणीं ते वॉशिंग्टनांच्या आप्तांकडे शिक्षक होते. वॉशिंग्टनांच्या दप्तरांतून हवीं तीं पत्रें घ्या, मात्र प्रत्येकाची नक्कल ठेवा, अशी परवानगी त्यांना मिळाली. त्यांनीं सुमारें पंधराशें मूळ पत्रें उचललीं आणि जागच्या जागीं नकला ठेवल्या. करार पाळला गेला; पण ज्या दप्तराला अर्थ होता त्याचे तुकडे झाले. पुढच्या पिढ्यांनीं तर कात्री हातीं घेतली. शेवटची सही कापून वहींत चिकटवावयाची, आणि वरचा मजकूर टाकून द्यावयाचा! सहीच्या पाठीमागें अर्धवट उरलेलीं वाक्यें वाचतांना वाटतें कीं, कुंकवाचा करंडा घेऊन बाईला घराबाहेर काढावें तसें हें झालें आहे.

आतां एक अगदीं निराळा संग्राहक पाहा. अब्राहम लिंकन ह्यांचा १८६५ च्या एप्रिलांत खून झाला. त्यानंतर मेरी लिंकन सतरा वर्षें जगल्या. काळ्या कडेच्या कागदावर त्यांनीं असंख्य पत्रें लिहिलीं. त्यांत कर्जाच्या विवंचना आहेत, मेलेल्या मुलांचा शोक आहे, आणि काँग्रेसनें निर्वाहवेतन द्यावें म्हणून केलेल्या याचना आहेत. १८७० सालीं तें वेतन मिळालें. १८७५ च्या मे महिन्यांत एकुलत्या उरलेल्या मुलानें, रॉबर्ट लिंकन ह्यानें, आईला वेड लागलें आहे असा न्यायालयाकडून निर्णय मिळविला आणि तिला मनोरुग्णांच्या एका खाजगी आरोग्यालयांत ठेवलें. त्या काळांत मेरीबाईंच्या बाजूनें उभी राहिली ती मायरा ब्रॅडवेल नांवाची कायदेपंडिता. सुमारें चार महिन्यांत मेरीबाईंची तेथून सुटका झाली. त्यांनीं ब्रॅडवेल कुटुंबाला लिहिलेलीं पत्रें पुढें नातीकडे आलीं. तीं छापलीं जाणार असें दिसतांच, १९२८ सालीं रॉबर्टच्या विधवेनें तीं विकत घेतलीं, आणि तीं नाहींशीं करण्यांत आलीं.

म्हणजे पत्रें जमविणारे दोन प्रकारचे असतात: एक ठेवण्यासाठीं जमविणारे आणि दुसरे नष्ट करण्यासाठीं जमविणारे. रॉबर्टनें वडिलांचे कागद राष्ट्राला दिले. ते आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीं उघडावे अशी अट घातली, आणि त्याप्रमाणें २६ जुलै १९४७ रोजीं ते उघडण्यांत आले. आईच्या पत्रांना मात्र हा न्याय मिळाला नाहीं. त्याच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, घरची व्यथा चव्हाट्यावर येऊं नये असें कोणत्याही मुलाला वाटेल. परंतु परिणाम असा झाला कीं, मेरीबाई वेड्या होत्या हें सांगणारे कागद राहिले, आणि त्या प्रसंगीं स्वतः त्यांना काय म्हणावयाचें होतें तें सांगणारे गेले. सुदैवानें त्या पत्रांच्या नकला लिंकन कुटुंबाच्या वकिलाच्या घरीं एका जुन्या ट्रंकेंत पडून होत्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं त्या सांपडल्या, आणि २००७ मध्यें त्यांतील मजकूर प्रसिद्ध झाला. मेरीबाईंची बाजू शंभरांहून अधिक वर्षांनीं लोकांपुढें आली ती अशी.

ह्याच्या अगदीं विरुद्ध वर्तन लुक्रिशिया गारफील्ड ह्यांचें. त्यांचे पति जेम्स गारफील्ड अध्यक्षपदावर असतांना १८८१ सालीं मारेकऱ्याच्या गोळीनें गेले. लुक्रिशियाबाईंनीं ओहायओंतील मेंटॉर येथील आपल्या घराला ग्रंथालयाची जोड दिली आणि पतीचे कागद ठेवण्यासाठीं आगीपासून सुरक्षित अशी खोली बांधली. उभयतांचीं बाराशेंवर पत्रें शिल्लक आहेत. विशेष हें कीं, हीं सारींच कांहीं गोड पत्रें नव्हेत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ह्या जोडप्यांत मोठा दुरावा होता, आणि तो ह्या पत्रांतून दिसतो. तो दिसूं दिला म्हणूनच पुढच्या वर्षांतला जिव्हाळा खरा वाटतो. कडू पानें काढून टाकलीं असतीं तर उरलेल्या गोडव्यावर कोणाचा विश्वास बसला असता?

तरी पण जाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. थिओडोर रूझवेल्ट ह्यांच्या पत्नी ईडिथ ह्यांनीं पतिपत्नींमधील बहुतेक पत्रें नष्ट केलीं. अध्यक्ष हार्डिंग १९२३ च्या ऑगस्टांत वारल्यावर फ्लॉरेन्सबाईंनीं पेट्याच्या पेट्या कागद जाळले. पतीची कीर्ति वांचावी हा हेतु. परंतु हार्डिंगांनीं दुसऱ्या एका स्त्रीला लिहिलेलीं प्रेमपत्रें त्या स्त्रीच्या घरीं राहिलीं, आणि तीं २०१४ सालीं वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयानें सर्वांना खुलीं केलीं. पत्र हें एकाच घरीं राहत नाहीं, तें दुसऱ्याच्या घरीं जाण्यासाठींच लिहिलेलें असतें, हें जाळणाऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं. बेस ट्रूमन ह्यांच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, त्या आपलीं पत्रें शेकोटींत टाकीत असतांना पति आले आणि म्हणाले, इतिहासाचा कांहीं विचार करा. बाई उत्तरल्या कीं, तो केला म्हणूनच हें चाललें आहे. पतीचीं आपल्याला आलेलीं तेराशेंच्या आसपास पत्रें मात्र त्यांनीं ठेवलीं. १९८२ मध्यें त्यांच्या मृत्यूनंतर तीं बाहेर आलीं. त्याला त्यांनीं ठेवलें, आणि स्वतःला जाळलें. अशा संसारांत निम्मेंच संभाषण आपल्याला ऐकूं येतें.

विसाव्या शतकांत दोन गोष्टींनीं हा छंद बदलला. पहिली ही कीं, अध्यक्षपत्नीचें हस्ताक्षर स्वतःच राजकारणाचा विषय झालें. १९१९ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष विल्सन ह्यांना पक्षाघात झाला. त्यानंतर मंत्र्यांच्या कागदांवर शेरे येत ते ईडिथ विल्सन ह्यांच्या मोठ्या, पसरट अक्षरांत. हे शब्द अध्यक्षांचे कीं बाईंचे, हा वाद तेव्हां सुरू झाला आणि तो कागद पाहणाऱ्यांच्या मनांत आजही उठतो. दुसरी गोष्ट पत्रांच्या पुराची. १९३३ ह्या एका वर्षांत ईलिनॉर रूझवेल्ट ह्यांना तीन लाखांच्या सुमारास पत्रें आलीं. एवढ्यांना उत्तरें द्यावयाचीं तर चिटणीस आलेच, टंकयंत्र आलें. आणि पुढच्या अध्यक्षपत्नींच्या काळांत सही करणारें यंत्रही आलें. म्हणून ह्या शतकांतलें सहीचें पत्र स्वस्त, आणि आपल्या हातानें मैत्रिणीला लिहिलेलें पत्र अमोल. ईलिनॉरबाई आणि पत्रकार लोरीना हिकॉक ह्यांच्यामधील तीन हजारांवर पत्रें हाइड पार्क येथील रूझवेल्ट ग्रंथालयांत आहेत. हिकॉकबाईंनीं तीं तेथें दिलीं आणि आपल्या मृत्यूनंतर दहा वर्षें तीं बंद राहावीं अशी अट घातली. १९७८ मध्यें तीं उघडलीं. लिहिणारी गेली, घेणारी गेली, मग वाचकाची पाळी आली. हा क्रम मला योग्य वाटतो.

तो क्रम मोडला म्हणजे काय होतें हें २०१४ सालीं आयर्लंडांत दिसलें. जॅकलिन केनेडी ह्यांनीं तरुणपणापासून एका आयरिश धर्मगुरूला पत्रें लिहिलीं होतीं. पतीच्या खुनानंतर देवावरील विश्वास कसा डळमळला, हेंही त्यांत होतें. तो धर्मगुरु वारल्यावर तीं डब्लिनमधील एका महाविद्यालयांत राहिलीं. ती संस्था पैशाच्या अडचणींत होती. तिनें तीं लिलावांत काढण्याचें ठरविलें, आणि उतारे वर्तमानपत्रांत झळकले. मग चहूंकडून आक्षेप आले व लिलाव रद्द झाला. कायदा ह्या बाबतींत जुना आहे. १७४१ सालीं कवि अलेक्झांडर पोप ह्याच्या दाव्यांत इंग्लंडच्या न्यायालयानें ठरविलें कीं, पत्राचा कागद ज्याला पत्र आलें त्याचा, परंतु शब्द छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणजे संग्राहक किंमत मोजून जें घरीं आणतो तो कागद असतो. शब्दांचा तो धनी होत नाहीं, केवळ राखणदार होतो.

ह्या राखणदाराचीं कर्तव्यें, श्रोतेहो, मला चार दिसतात. पहिलें, पत्र अखंड ठेवावें. सही कापूं नये, पाकीट फेंकूं नये, जोडीचीं पत्रें फोडून निरनिराळीं विकूं नयेत. दुसरें, कागदाला उजेड, दमट हवा व चिकटपट्टी ह्यांपासून दूर ठेवावें, आणि चौकटींत बसवून दिवाणखान्यांत मिरविण्याचा मोह आवरावा. जुनी शाई उन्हांत फिकी पडते. तिसरें, अभ्यासकाला नक्कल नाकारूं नये. लिंकनबाईंची बाजू शेवटीं नकलेनेंच राखली. आणि चवथें, ज्यांच्या जखमा अद्याप ओल्या आहेत अशीं माणसें हयात असेपर्यंत पत्र बंद ठेवण्याचें धैर्य असावें. बंद ठेवणें आणि जाळणें ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. बंद पेटी पुढच्या पिढीला उघडतां येते. राख कोणालाच वाचतां येत नाहीं.

मार्थाबाईंनीं पत्रें जाळलीं ह्याबद्दल त्यांना दोष देणारे आपण कोण? आपलें बोलणें आपल्याबरोबर न्यावें असें त्यांना वाटलें. तो अधिकार त्यांचा होता. परंतु मेरी लिंकन ह्यांनीं तीं पत्रें जाळलीं नव्हतीं. त्यांनीं तीं लिहिलीं, विश्वासाच्या माणसाकडे पाठविलीं, आणि कोणी तरी आपलें ऐकावें अशी अपेक्षा केली. जिनें लिहिलें तिनें जाळणें निराळें, आणि तिच्या पश्चात् दुसऱ्यानें जाळणें निराळें. जुनें पत्र हातीं आलें असतां संग्राहकानें, आणि घरच्या माणसानेंही, आधीं एवढेंच पाहावें: हें लिहिणारीनें तें ठेवलें होतें ना? ठेवलें असेल तर आपणही ठेवावें.